पिच्चर नव्हे, पिचर

आमच्याकडे कुठलंही लग्न असो, पंगतीत माझी ओळख करून द्यायचं काम धाकट्या मेहुण्यानं स्वतःकडे घेतलेलं आहे. "हे आमचे भाऊजी. एकेकाळी पिचर होते." समोरचा जबलपूरचा असला की हातातली पुरी पानात ठेवतो आणि आदरानं विचारतो, "हओ? कौन से पिच्चर में थे?"

या शहरात सिनेमाला पिच्चर म्हणतात, त्यामुळे हा घोळ दर लग्नात होतो. मग मी सांगतो की पिच्चर नाही, पिचर. बेसबॉल नावाचा खेळ असतो, त्यात जो चेंडू फेकतो तो पिचर. हे ऐकताना त्या माणसाच्या चेहऱ्यावरचा आदर कसा पायरीपायरीनं उतरतो ते मी पंधरा वर्षं पाहत आलोय. शेवटच्या पायरीवर तो पुरी परत उचलतो.

तरी मेहुणा खोटं बोलत नाही. मी पिचर होतो. आणि नुसता हौशी नव्हे, व्यावसायिक, कारण या कामाचे मला पैसे मिळालेले आहेत. अकरा रुपये. कारकीर्द दोन महिन्यांची.

सुरुवात मटरमुळे झाली. जबलपूरला हिवाळ्यात मटर किलोनं नाही, पोत्यानं येतो. बाहेरचे लोक भेडाघाटचा धुवांधार पाहून जातात. आमच्या सिविल लाइंसमधला खरा धबधबा डिसेंबरात व्हरांड्यात बघावा. जुन्या बंगल्याचा कवेलूचा उतरता व्हरांडा, उन्हात सतरंजी, मधोमध हिरवा ढीग, आणि त्याच्याभोवती बसलेलं सगळं घर. या ढिगातून सुटायचा एकच सभ्य मार्ग म्हणजे वर्तमानपत्र. नोव्हेंबर 2008 च्या शेवटच्या आठवड्यात मी ते तोंडासमोर धरून एका शेंगेलाही हात न लावता बसलो होतो, आणि तिथं ती बातमी होती.

उत्तर प्रदेशातल्या दोन पोरांना, रिंकू सिंह आणि दिनेश पटेल यांना, अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पायरेट्स या संघानं करारबद्ध केलं होतं. अमेरिकेतल्या मोठ्या संघाशी बेसबॉलचा करार करणारे हे पहिले भारतीय. दोघंही मुळात भालाफेकपटू. जे. बी. बर्नस्टाइन नावाच्या अमेरिकन एजंटानं भारतात 'मिलियन डॉलर आर्म' नावाची स्पर्धा भरवली होती. हिशोब सोपा होता: शंभर कोटींहून जास्त माणसं, म्हणजे दोनशे कोटींहून जास्त हात, त्यातला एखादा तरी जोरात फेकणारा निघेलच. सदतीस हजारांवर लोक येऊन फेकून गेले. डावखुऱ्या रिंकूनं ताशी 87 मैल, म्हणजे आपल्या भाषेत 140 किलोमीटरच्या वेगानं चेंडू टाकला आणि एक लाख डॉलर जिंकले. आणि वर्षभरापूर्वी दोघांनाही बेसबॉल म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं!

शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. मलाही ठाऊक नव्हतं. म्हणजे पात्रतेची पहिली अट मी पूर्ण करत होतो.

"आई," मी म्हणालो, "ही बनारसकडची पोरं. आपल्या स्टेशनावरून महानगरीत बसलं की त्यांच्या मुलखात. तिथली पोरं जातात, तर इथला माणूस का जाऊ शकत नाही?"

"तुला चेंडू फेकता येतो?"

"त्यांना तरी कुठं येत होता?"

"तुझं वय काय?" हा प्रश्न बायकोचा होता. मी छत्तीस वर्षांचा होतो आणि एका कचेरीत जावक नोंदवहीवर बसत होतो. करार झालेली पोरं जेमतेम विशीची होती. पण बातमीत वयाची अट कुठं लिहिलेली नव्हती, आणि जे लिहिलेलं नाही ते मानायचं नाही हे आम्ही कचेरीतच शिकलो.

फेकण्याचा अनुभव मात्र मला होता. शाळेत मी गोलंदाजी करायचो तेव्हा पहिल्याच चेंडूला सगळं मैदान ओरडायचं, "भट्टा! भट्टा!" कोपर वाकवून फेकणं म्हणजे भट्टा. त्या एका शब्दानं माझं क्रिकेट आठवीतच संपवलं होतं. आणि आता कळत होतं की अमेरिकेत त्याच भट्ट्याला पगार देतात. जन्मभर ज्याला दोष म्हणत आले तो गुण निघाला होता, फक्त मधे समुद्र होता.

शिवाय या गावाला इतिहास आहे. बिलियर्डच्या टेबलावरचा स्नूकर जगाला जबलपूरनं दिला. 1875 मध्ये इथल्या छावणीतल्या नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अफसरानं (तो पुढं पंतप्रधान झाला तो नव्हे, दुसरा) कंटाळा घालवायला तो काढला. कंटाळ्यातून खेळ काढायची या हवेची जुनी सवय आहे, आणि मटर सोलण्याइतका कंटाळा त्या अफसराला तरी आला असेल का?

दुसऱ्या दिवशी मी बेसबॉल आणायला बाजारात गेलो. पहिल्या दुकानदारानं मला खालून वरपर्यंत पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"काय बड्डे, किसको मारना है?"

इथल्या बोलीतला 'काय' मराठी नाही, तो 'का हो' असा येतो. पण मी मराठीच समजून सगळं सविस्तर सांगितलं. त्यानं बॅट काढून ठेवली. उत्तम लाकडी बॅट. मला चेंडू हवा होता. चेंडू नव्हता. दुसऱ्या दुकानातही बॅट होती, चेंडू नव्हता. तिसऱ्या दुकानात तीन रंगांच्या बॅटी होत्या. "बॉल कोई नहीं लेता भैया," तो म्हणाला, "बैट गाड़ी में रखते हैं लोग." तेव्हा माझ्या लक्षात आलं की बेसबॉल आपल्या देशात केव्हाच रुजलेला आहे. आपण फक्त त्यातून चेंडू काढून टाकला.

चेंडू शेवटी घरातच सापडला. न्यू जर्सीचा आतेभाऊ दोन वर्षांपूर्वी येऊन गेला तेव्हा प्लास्टिकच्या चौकोनी डबीत एक पांढरा चेंडू देऊन गेला होता. तो कपाटात, देवीच्या चांदीच्या निरांजनाशेजारी होता. मी डबी फोडून तो हातात घेतला. वजन पाच औंस, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडं कमी. पांढरं कातडं, आणि त्यावर लाल दोऱ्याचे टाके. टाके मोजले तर एकशे आठ! मी आईला हाक मारली. ती आली, जपाची माळ काढून तिनंही बोटानं एकेक टाका मोजला, आणि चेंडूला नमस्कार केला. मग म्हणाली, "पण किती घाण केलाय रे कोणी, शाईनं गिरगटलंय नुसतं," आणि भांड्यांच्या साबणानं घासून तो स्वच्छ करून दिला.

ती शाई म्हणजे तिकडच्या कुणा मोठ्या खेळाडूची सही होती हे आतेभावानं नंतर फोनवर सांगितलं. बराच वेळ तो काहीच बोलला नाही. आंतरराष्ट्रीय कॉल होता, पैसे त्याचेच जात होते.

सराव सुरू झाला. पिचर जिथून फेकतो तिथून होम प्लेटपर्यंतचं, म्हणजे फलंदाजाच्या जागेपर्यंतचं, अंतर 60 फूट 6 इंच असावं लागतं. 1893 पासून हाच आकडा आहे. मी बायकोच्या शिवणाच्या टेपनं मोजलं. साठ फूट तुळशीवृंदावनापाशी संपत होते, सहा इंच वृंदावनाच्या आत जात होते. आईनं वृंदावन हलवायला नकार दिला. त्यामुळे माझं सगळं पिचिंग प्रमाण अंतरापेक्षा सहा इंच कमी झालेलं आहे हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो.

समोर गराजच्या भिंतीवर गेरूनं चौकट काढली. गुडघ्यापासून छातीपर्यंतची ही जागा, तिला स्ट्राइक झोन म्हणतात. चेंडू तिच्यातून गेला तर फलंदाजाच्या नावावर एक स्ट्राइक, असे तीन झाले की तो बाद. चार दिवस चेंडू चौकटीच्या चारही बाजूंनी गेला. एकदा तर चौकटीच्या इतका वर गेला की कवेलू फुटलं. पाचव्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार होता. सकाळी उठून पाहतो तर आईनं एवढी छान गेरूची चौकट बघून तिच्यात रांगोळीचं स्वस्तिक काढलेलं आणि वर हळदीकुंकू वाहिलेलं. आता तिच्यावर चेंडू मारणं शक्यच नव्हतं. पुढचे सगळे गुरुवार मी मुद्दाम स्ट्राइक झोनच्या बाहेर टाकत होतो, आणि खरं सांगायचं तर नियंत्रण त्याच दिवसांत आलं.

पिचर फेकण्याआधी एक पाय गुडघ्यात मुडपून छातीपर्यंत उचलतो. मीही उचलला. पहिल्यांदा पायजम्याची नाडी तुटली. दुसऱ्यांदा शेजारचे जजकाका कुंपणाशी येऊन उभे राहिले. जजकाका म्हणजे निवृत्त जिल्हा न्यायाधीश. हायकोर्ट जवळ, त्यामुळे आमच्या भागात दगड मारला तर वकिलाला लागतो आणि लागला नाही तर तो न्यायाधीशाला लागतो.

"काय करून राहिले हो?" त्यांनी विचारलं. "गरुडासन?"

मी सांगितलं. त्यांनी नियम मागितले. इंटरनेटवरून छापून आणलेले कागद मी त्यांना दिले, आणि आयुष्यातली मोठी चूक केली, कारण ते त्यांनी खरोखर वाचले. चालू नियम त्यांना आवडले नाहीत, जुने फार आवडले. 1887 पर्यंत फलंदाज पिचरला सांगायचा की चेंडू वर हवा की खाली, आणि पिचरला तसाच टाकावा लागायचा. आपण फुलकीवाल्याला, म्हणजे पाणीपुरीवाल्याला, तिखट कमी सांगतो तसं. "हे न्याय्य आहे," काका म्हणाले. "पक्षकाराला काय हवं ते आधी विचारायला पाहिजे." अमेरिकेच्या नॅशनल लीगमध्ये 1884 पर्यंत खांद्यावरून फेकायला मनाई होती, हेही त्यांना पटलं. पण खरी समाधी त्यांना लागली ती 1879 च्या नियमावर. तेव्हा पिचरचे नऊ चेंडू वाईट पडल्यावर फलंदाजाला पहिला बेस, म्हणजे पळून गाठायचा पहिला टप्पा, फुकट मिळायचा. ते कमी करत करत 1889 मध्ये चारावर आणलं.

"नऊचे चार?" काका खिन्न झाले. "एवढी घाई कशासाठी?"

वेगाचं काय, हा प्रश्न रेल्वेतल्या शेजाऱ्यांनी सोडवला. पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय जबलपूरला आल्यापासून आमच्या गल्लीत कुठल्याही गोष्टीचा वेग काढून देणारा माणूस मिळतो. त्यांनी भाच्याच्या मोबाइलवरचं घड्याळ लावलं, मी फेकला, त्यांनी भागाकार केला. रिंकूचा चेंडू त्याच अंतराला अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ घ्यायचा. माझा एक पूर्णांक तीन दशांश सेकंद.

"ताशी 51," ते म्हणाले. "वाईट नाही. सगळ्या स्टेशनांवर थांबणारी पॅसेंजरही सरासरी एवढी काढत नाही."

26 जानेवारीला, झेंडावंदन आणि बुंदीचे लाडू झाल्यावर, पचपेढीकडच्या मैदानावर आमची गल्ली विरुद्ध मागची गल्ली असा सामना ठरला. पंच अर्थातच जजकाका. ते काळा कोट घालून आले. नियमात 'होम प्लेट' लिहिलं होतं म्हणून मी घरून प्लेट नेली होती. बायकोच्या रुखवतातलं, तिचं माहेरचं नाव कोरलेलं स्टीलचं ताट. पहिला बेस म्हणजे मटरचं रिकामं पोतं, दुसरा कुणाची तरी चप्पल. तिसरा बेस एक कुत्रा होता. म्हणजे आधी तिथं वीट होती, पण तो तिच्यावर येऊन झोपला आणि उठवायची कुणाची छाती झाली नाही.

समोर उभा राहिला क्रिकेटच्या कोचिंगला जाणारा एक पंधरा वर्षांचा पोरगा. मी गुडघा छातीला लावला (नाडीच्या जागी आता इलॅस्टिक होतं) आणि फेकला. पोरानं डावा पाय पुढं टाकून, कोपर वर ठेवून, सरळ बॅटनं चेंडू पायाशी मारून ठेवला. अप्रतिम बचाव. दोन्ही संघांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. बेसबॉलमध्ये असा चेंडू लागला की पळावंच लागतं हे कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि ज्याच्या लक्षात यायला हवं होतं ते पंच म्हणाले, "वेल प्लेड."

दुसरा चेंडू त्यानं मारला आणि या वेळी तो पळाला, पण बॅट घेऊन. मी ओरडलो की बॅट टाक. तो पळता पळता म्हणाला, "मामाची आहे!" पोत्याशी पोहोचल्यावर त्यानं वाकून बॅटचं टोक पोत्यावर टेकवलं आणि परत फिरला, दुसरी धाव घ्यायला. त्याला थांबवेपर्यंत तो ताटावर येऊन घसरला. त्या घसरण्यात बायकोच्या माहेरच्या आडनावाला पडलेला पोचा अजून आहे. आणि दर संक्रांतीला, वाण देताना, तो मला दाखवला जातो.

तिसरा, चौथा चेंडू काही विशेष नाहीत. पाचवा मात्र माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम. हातातून सुटला तेव्हाच मला कळलं. दुसऱ्या फलंदाजाच्या छातीच्या खाली, गुडघ्याच्या वर, मधोमध, शांतपणे गेला. फलंदाज बघत राहिला. मागं उभ्या असलेल्या भाच्याच्या ग्लोव्हजमध्ये फट्ट आवाज झाला. मी दोन्ही हात वर करून पंचांकडे वळलो.

जजकाकांनी डोळे मिटले. फलंदाजाच्या बाजूनं त्याचा काका पुढं आला, तो वकील होता. चेंडू ताटावरून गेला की ताटाच्या कडेवरून, ताट ही होम प्लेट मानता येईल का, आणि मानली तर ताटाचं माप नियमाला धरून आहे का, असे तीन मुद्दे त्यानं मांडले. जजकाकांनी ते शांतपणे ऐकले. मग डोळे उघडले.

"निर्णय राखून ठेवतो," ते म्हणाले. "पुढचा टाका."

मी सहावा टाकला. तो बाहेर गेला. आणि त्याबरोबर, कुणी न सांगता, दोन्ही गल्ल्यांचे सगळे खेळाडू चालायला लागले. मला वाटलं मी काहीतरी केलं. पण ओव्हर संपली होती. सहा चेंडू झाले की बाजू बदलायची हे आपल्या रक्तात आहे. ताट इकडून तिकडे नेलं गेलं, पोतं उचललं गेलं, तिसरा बेस स्वतः उठून गेला. पिचर एकच असतो, तो बदलत नाही, असं मी सांगत होतो तोवर माझा मेहुणा विरुद्ध बाजूनं धावत येऊन ऑफस्पिन टाकून मोकळा झालेला होता. तो चेंडू फलंदाजानं उचलून मारला. जवळच्या एका बंगल्याच्या आवारात तो पडला, तिथून "कौन है रे?" अशी आरोळी आली, आणि एकशे आठ टाक्यांचा तो चेंडू परत आला नाही.

सामना अनिर्णित. जजकाकांनी पाकिटात घालून मला अकरा रुपये दिले. वर लिहिलं होतं, 'मानधन'. म्हणूनच मी व्यावसायिक.

खांदा त्या रात्रीच धरला. पुढं दीड महिना बाम, आणि बामाच्या वासावर बायकोची टिप्पणी.

रिंकू आणि दिनेशवर मात्र मी लक्ष ठेवून होतो, समव्यवसायी म्हणून. त्यांना अमेरिकेत टॉम हाउस नावाच्या जुन्या पिचरनं शिकवलं. ॲरिझोनातली त्यांची पहिली चाचणी साफ फसली, दुसरी जमली, मग करार. 2009 च्या उन्हाळ्यात फ्लोरिडात, गल्फ कोस्ट लीगमध्ये, म्हणजे तिथल्या बेसबॉलच्या शिडीच्या अगदी खालच्या पायरीवर, ते खेळायला लागले. 4 जुलैला रिंकू पहिल्यांदा उतरला. दिनेशला दोन मोसमांनंतर, 2010 च्या डिसेंबरात, संघानं मोकळं केलं आणि तो देशात परत आला. रिंकू टिकला. वेस्ट व्हर्जिनियात खेळला, मधे ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या संघाकडूनही. 2012 नंतर मात्र दुखापतींनी त्याला उभंच राहू दिलं नाही. मेजर लीगच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीच्या, मैदानापर्यंत दोघंही पोहोचले नाहीत. दिनेशचे दोन मोसम, माझे दोन महिने. मेहुणा म्हणतो की दोनाचा आकडा समान आहे.

2014 मध्ये डिस्नेनं त्यांच्यावर खरोखर सिनेमा काढला, ए. आर. रहमानच्या संगीतासकट. त्यामुळे पंगतीत कुणी विचारलं की कौन से पिच्चर में थे, तर जगात निदान दोन पिचर असे आहेत ज्यांना या प्रश्नाचं उत्तर देता येतं. रिंकू पुढं कुस्तीच्या तमाशात गेला. कपाळाला गंध, मोकळे केस, काळे कपडे, नाव वीर महान. त्याला टीव्हीवर एका पहिलवानाला डोक्यावर उचलून आपटताना पाहून आई म्हणाली, "बरं झालं तुझा खांदा वेळेवर गेला."

परवा सकाळी फिरायला निघालो होतो. थंडी होती, गेटसमोर मटरची हातगाडी उभी होती. जजकाका आता ऐंशीच्या पुढचे. काठी टेकत, मफलर गुंडाळून येताना दिसले. मी वाकून नमस्कार केला. ते थांबले, माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

"तुमचा तो पाचवा चेंडू," ते म्हणाले.

"कोणता, काका?"

"26 जानेवारीचा. ताटावरून गेला होता की कडेवरून, तो मुद्दा गौण आहे. मी पूर्ण विचार केला." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि उजव्या हाताची मूठ, अमेरिकेतले पंच करतात तशी, हळूहळू वर नेली. "स्ट्राइक होता."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घशातून शब्द निघेना. शेवटी विचारलं, "काका, हे लेखी मिळेल का? घरी दाखवायला?"

"मिळेल ना," ते म्हणाले आणि चालायला लागले. "नकलेसाठी अर्ज करा."